मरळ कुणाला खाते, चिलापी का उरते

पहिला जोरदार पाऊस झाला की डहाणू-तलासरीकडे अंडी घालायला निघालेले वलगणीचे मासे ओढ्यांतून भातखाचरांत चढतात. कैनाडसारख्या गावातल्या एखाद्या शेततळ्यात चिलापी असेल आणि तळं भरून वाहू लागलं, तर तीही याच पाण्याने ओढ्यात पोचते. मूळ आफ्रिकेतली ही चिलापी, म्हणजे तिलापिया, 1952 मध्ये भारतात आणली गेली. मादी अंडी नि पिल्लं तोंडात सांभाळते, आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात. बघता बघता तळ्यात बोटभर चिलापीची दाटी होते, खाद्य पुरत नाही आणि एकही मासा धड वाढत नाही.

त्यावर उपाय म्हणून मरळ ही शिकारी मासळी सोडतात. उपाय चांगला आहे, पण मरळ भक्ष्य कसं निवडते हे समजून घेतलं तरच.

मरळ भक्ष्य अख्खं गिळते. त्यामुळे भक्ष्य किती लांब यापेक्षा ते पाठीपासून पोटापर्यंत किती उंच, हे महत्त्वाचं. चिलापी अंगाने उभट, पाठीवर काटे. ते ताठ केले की ती घशात अडकते. म्हणून तिला डोक्याकडून गिळावं लागतं, मग काटे मागे मिटतात. तेवढीच लांब दांडवण ही ओढ्यातली स्थानिक मासळी सडपातळ असते, ती सहज उतरते.

शिवाय मरळ पाणवनस्पतींत दबा धरते. समोरून जे वारंवार जातं आणि कमी श्रमात सापडतं, तेच ती खाते. चिलापीची पिल्लं मुबलक असतील तर ती. ती विरळ झाली की दांडवण, बेडूक, अगदी लहान मरळसुद्धा. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात 1950 च्या दशकात सोडलेल्या नाईल पर्च या शिकारी माशाने हेच केलं: स्थानिक मासे ढासळले, तेव्हा तो कोळंबी आणि स्वतःची पिल्लं खाऊ लागला.

म्हणजे मरळ पिल्लं कमी करते. जबड्यात न मावणारी मोठी चिलापी उरते आणि पुन्हा अंडी घालते. ती जाळ्यानेच काढायला हवी. मरळीची बोटुकली सारख्या आकाराची घ्या, नाहीतर ती एकमेकांनाच खातील. उघड्या ओढ्यात मात्र हा उपाय चालत नाही, तिथे आपल्याच दांडवणीचा बळी जातो.

मरळीऐवजी आफ्रिकन मांगूर कधीही सोडू नका. त्यावर 2000 पासून देशात बंदी आहे. आणि चिलापी ओढ्यात जाऊ नये म्हणून पावसाआधी शेततळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी बसवा.