वाटाड्याला हाक कधी मारायची?

दोस्तांनो, तुमच्यापैकी व्हिडिओ गेम कधीच न खेळलेला कोण आहे? हात वर करा पाहू! फारसे हात वर आलेले दिसत नाहीत. कुणी बाबांच्या मोबाईलवर खेळतं, कुणी कॉम्प्युटरवर, तर कुणी टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी. कधी ना कधी गाडी अडतेच! दार उघडत नाही, किल्ली सापडत नाही, राक्षस काही केल्या मरत नाही. अर्धा तास जातो, तास जातो. आई तिसऱ्यांदा जेवायला हाक मारते. आणि मग शेजारी बसलेला मित्र म्हणतो, "अरे, वॉकथ्रू बघ की!"

वॉकथ्रू म्हणजे गेम सुरुवातीपासून शेवटापर्यंत कसा पार करायचा, याचं पायरीपायरीनं केलेलं वर्णन. डावीकडे वळा, तिसऱ्या खोलीतला दिवा उचला, पुलाखाली उतरा... असं सगळं त्यात सांगितलेलं असतं. पूर्वी ते कागदावर छापलेलं असायचं, आता बहुतेक वेळा व्हिडिओ असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा गेममधला वाटाड्या! अनोळखी गड चढताना गावातला एखादा माहीतगार माणूस आपण बरोबर घेतो ना, अगदी तसाच.

आता खरा प्रश्न. हा वाटाड्या घेणं म्हणजे लबाडी का? आणि नसेल, तर त्याला हाक मारायची कधी?

गुहेपासून सुरुवात

ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. अमेरिकेत विल क्राउथर नावाचा एक प्रोग्रॅमर होता. त्याला गुहांमध्ये भटकण्याचा भारी नाद. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेचे नकाशे काढायच्या कामातही तो होता. १९७५-७६ च्या सुमारास त्यानं आपल्या दोन मुलींसाठी कॉम्प्युटरवर गुहेचा एक खेळ तयार केला. त्याचं नाव 'अ‍ॅडव्हेंचर'. पुढे १९७७ मध्ये डॉन वुड्सनं त्यात भर घातली. या खेळात एकही चित्र नव्हतं! पडद्यावर फक्त शब्द यायचे आणि आपणही शब्द टाइप करूनच हुकूम द्यायचा.

त्यात एक चक्रव्यूह होता. सगळ्या खोल्यांचं वर्णन अगदी एकसारखं! आपण नेमके कुठे आहोत ते कळणार कसं? मग खेळाडूंनी शक्कल लढवली. एका खोलीत एक वस्तू ठेवायची, दुसरीत दुसरी, तिसरीत आणखी काही. पुन्हा पहिली वस्तू दिसली, की समजायचं, आपण फिरून पहिल्याच खोलीत आलो! असं करत करत कागदावर नकाशा तयार व्हायचा. पाहिलंत? पहिला वाटाड्या खेळाडूंनी स्वतःच घडवला.

अदृश्य शाईची पुस्तिका

पुढे अमेरिकेतच १९७९ साली इन्फोकॉम ही कंपनी सुरू झाली. तिचा 'झॉर्क' हा खेळ खूप गाजला. तोही शब्दांचाच आणि चांगलाच अवघड. अडलेले खेळाडू पत्रं लिहून मदत मागायचे. माइक डॉर्नब्रुक नावाचा तरुण या पत्रांना उत्तरं द्यायचा. पण पत्रांचा ढीग वाढतच गेला. मग त्यातून एक मजेशीर कल्पना निघाली. 'इन्व्हिजिक्लूज' म्हणजे अदृश्य इशाऱ्यांच्या पुस्तिका!

या पुस्तिकेत प्रश्न नेहमीच्या शाईत छापलेले असायचे आणि उत्तरांच्या जागा कोऱ्या दिसायच्या. सोबत मिळणारं खास पेन त्या जागेवर फिरवलं, की अक्षरं उमटायची. जादूच! पण खरी हुशारी पुढेच आहे. एका प्रश्नाला एकच उत्तर नसायचं. पहिला इशारा अगदी हलका, म्हणजे 'त्या खोलीत नीट बघितलंस का?' अशा थाटाचा. दुसरा जरा स्पष्ट. शेवटच्यात मात्र सरळ उत्तर. ज्याला जेवढं हवं, तेवढंच त्यानं उघडायचं. शिवाय काही प्रश्न मुद्दाम खोटे घातलेले! खेळात नसलेल्याच गोष्टींबद्दलचे. का? तर नुसते प्रश्न वाचूनही कुणाला पुढचा सुगावा लागू नये म्हणून.

ही युक्ती लक्षात ठेवा. आपल्याला ती पुढे लागणार आहे.

वहीपासून टेलिफोनपर्यंत

तिकडे जपानमध्ये १९८४ साली नाम्को कंपनीचा 'टॉवर ऑफ ड्रुआगा' हा गेम आला. साठ मजल्यांचा मनोरा, आणि जवळजवळ प्रत्येक मजल्यावर दडवलेला खजिना. तो कसा बाहेर काढायचा, हे खेळात कुठेच लिहिलेलं नव्हतं! एकट्यादुकट्याचं ते काम नव्हतंच. मग गेम सेंटरमध्ये वह्या ठेवल्या जाऊ लागल्या. ज्याला जे सापडेल ते त्यानं वहीत लिहायचं. दुसऱ्यानं वाचायचं आणि पुढे जायचं.

१९८६ साली निन्टेन्डोचा 'द लीजंड ऑफ झेल्डा' आला. तो बनवणारे शिगेरू मियामोतो लहानपणी आपल्या गावाजवळच्या डोंगरांत आणि गुहांत भटकायचे. तीच भटकंती त्यांनी खेळात आणली. आणि मुलांनी एकमेकांना विचारावं, रहस्यं वाटून घ्यावीत, हाही त्यामागचा हेतू होता. अमेरिकेत तर निन्टेन्डोनं चक्क टेलिफोनवर सल्लागार बसवले. अडलेली मुलं फोन करायची आणि पलीकडून उत्तर मिळायचं. १९८८ मध्ये 'निन्टेन्डो पॉवर' हे नकाशांनी आणि युक्त्यांनी भरलेलं मासिकही सुरू झालं. ते २०१२ पर्यंत चाललं.

सांगायचा मुद्दा काय, तर मदत घेणं ही आजच्या आळशी मुलांची खोड नाही बरं का! खेळ सुरू झाले, त्याच्या पाठोपाठ मदतही आली.

चीट कोड वेगळा, वॉकथ्रू वेगळा

इथे एक घोटाळा दूर करू. 'कॉन्ट्रा' हे नाव घरात घेऊन बघा. आई-बाबांपैकी कुणाचे तरी डोळे चमकतील! वर-वर, खाली-खाली, डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे, मग बी आणि ए. सुरुवातीला ही बटणं दाबली की तीस जीव मिळायचे. हा झाला चीट कोड. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली 'ग्रेडियस' या गेमवर काम करत होते. तपासताना तो त्यांना स्वतःलाच फार अवघड गेला, म्हणून त्यांनी हा कोड घातला. पुढे तो तसाच राहिला आणि जगभर पसरला.

चीट कोड खेळाचे नियम बदलतो. वॉकथ्रू नियम बदलत नाही, फक्त वाट दाखवतो. चालायचं आपल्यालाच! वाटाड्या कितीही चांगला असला तरी तो आपल्याला पाठुंगळीला घेत नाही.

तुमचं नेमकं काय अडलंय?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. खेळ अडतो तो तीन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा, हात अडतो. काय करायचं ते माहीत आहे, पण उडी चुकते, बटण उशिरा दाबलं जातं. इथे वॉकथ्रू वाचून फार उपयोग नाही. पोहण्याचं पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकतं का? इथे सरावच हवा. फार तर दुसरा कसा खेळतो ते एकदा बघा आणि पुन्हा सुरू करा.

दुसरी तऱ्हा, डोकं अडतं. समोर कोडं आहे, लागणाऱ्या सगळ्या वस्तू हाताशी आहेत, फक्त सुचत नाही. इथे जपून! कोडं स्वतः सुटल्यावर जे 'अरेच्चा!' होतं ना, तोच त्या खेळाचा खरा खजिना. आणि तो एकदाच मिळतो. उत्तर एकदा कळलं की ते न कळल्यासारखं करता येत नाही. खेळ पुन्हा खेळता येतो, पण तो क्षण पुन्हा येत नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे खेळानंच अडवलेलं असतं. 'कॅसलव्हेनिया २' या १९८७ च्या गेममध्ये एका कड्यापाशी लाल स्फटिक हातात घेऊन गुडघे टेकून थोडा वेळ थांबावं लागतं. मग वावटळ येते आणि पुढे नेते. हे आपणहून कुणाला सुचणार? 'फायनल फँटसी १२' हा २००६ चा गेम तर त्याहून वरचढ. एक जबरदस्त भाला हवा असेल, तर त्याआधी चार ठरावीक पेट्या उघडायच्याच नाहीत! आणि त्या कोणत्या, हे खेळ सांगत नाही. अशा ठिकाणी वॉकथ्रू खुशाल बघा. त्यात कमीपणा कसला?

आणखीही कारणं असतात. कुणाला इंग्रजी सूचना नीट कळत नाहीत. कुणाला आठवड्यातून एकच तास खेळायला मिळतो. कुणाच्या बोटांना किंवा डोळ्यांना त्रास असतो. कुणी गेम एकदा पूर्ण केलेला असतो आणि आता राहिलेल्या वस्तू शोधत असतो. या सगळ्यांना वाटाड्या हवाच की!

वापरायचा कसा?

१. आधी तीन वेगवेगळे प्रयत्न करा. तेच ते तीनदा नव्हे, वेगवेगळे!

२. गेम बंद करून उठा. पाणी प्या, खाली जाऊन खेळून या. पुष्कळदा उत्तर जिन्यातच सुचतं.

३. तरीही नाही जमलं, तर प्रश्न कागदावर लिहा. 'पुढे काय?' असा नको. 'पाण्याखालचं दार कशानं उघडतं?' असा नेमका हवा. प्रश्न नीट लिहिताना अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

४. आधी इशारा शोधा, उत्तर नंतर. अदृश्य शाईची पुस्तिका आठवली ना? मित्राला विचारतानाही म्हणा, "सगळं सांगू नकोस, थोडंसंच सांग."

५. उत्तर मिळालं, की वॉकथ्रू लगेच बंद! पुढचं पान, पुढचा मिनिट बघायचा नाही. आणि पुढचं कोडं स्वतः सोडवायचं.

६. ऐकलेलं सगळंच खरं मानू नका. २००९ च्या 'डीमन्स सोल्स' गेममध्ये खेळाडू जमिनीवर एकमेकांसाठी निरोप ठेवू शकायचे. पुढे सापळा आहे, इथे उडी मार, असे. बहुतेक निरोप मदतीचे, पण काही चावट मंडळी मुद्दाम खोटेही लिहायची. उडी मारण्याआधी खाली बघा!

आई-बाबांसाठी दोन शब्द

गाईड शाळेतही असतं. धडा न वाचता गाईड पाठ करणारा मुलगा वेगळा आणि गणित अडल्यावर एक सोडवलेलं उदाहरण बघून पुढची पाच स्वतः करणारा वेगळा. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांचे सहकारी ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणिताबाबत हेच तपासलं. नवशिक्या मुलांना आधी सोडवलेलं उदाहरण दाखवलं आणि लगेच तसंच दुसरं सोडवायला दिलं, तर पुढची तशीच गणितं ती लवकर आणि कमी चुका करत सोडवू लागली. मात्र ज्यांना विषय आधीच येतो, त्यांना सोडवलेल्या उदाहरणांचा तितका फायदा होत नाही, असं पुढच्या संशोधनात दिसलं.

तेव्हा मूल वॉकथ्रू बघताना दिसलं तर लगेच रागावू नका. फक्त विचारा, "कुठे अडलास? काय काय करून बघितलंस?" सांगताना त्याचं त्यालाच सुचेल कदाचित! आणि अडल्यावर विचारायला संकोच न करणं, पण सगळं आयतं न मागणं, ही सवय गेमबाहेरही उपयोगी पडते.

आता तुमची परीक्षा!

जॉर्डन मेकनर या तरुणानं १९८९ साली बनवलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आई-बाबांनी जुन्या कॉम्प्युटरवर खेळला असेल. राजकन्येला सोडवायला फक्त साठ मिनिटं! वाटेत एक आरसा लागतो. राजपुत्र त्यातून उडी मारतो आणि त्याची सावली वेगळी होऊन पळते. शेवटाजवळ, बाराव्या टप्प्यात, तीच सावली तलवार घेऊन समोर उभी राहते. राजपुत्रानं वार केला की जखम राजपुत्रालाही होते! सावलीला मारलं तर तोही मरतो. मग पुढे जायचं कसं?

पुढची ओळ लगेच वाचू नका. हातानं झाका आणि विचार करा.

पहिला इशारा : समोर उभा आहे तो नक्की कोण?

दुसरा इशारा : तो तुमच्यावर तलवार का उगारतोय? तुमच्या हातात काय आहे?

उत्तर : तलवार म्यानात ठेवायची. सावलीही ठेवते. मग सरळ तिच्याकडे जायचं. दोघं एक होतात आणि वाट मोकळी होते!

कुठल्या ओळीपाशी सुटलं तुम्हाला? पहिल्या इशाऱ्याआधीच सुटलं असेल तर शाब्बास! आणि उत्तरापर्यंत यावं लागलं असेल तरी हरकत नाही. पण आता ताईला किंवा मित्राला हे कोडं घालाल, तेव्हा एक करा हं... उत्तर लगेच सांगू नका!