कोकाकोला नको, थम्सअप द्या!

“कोकाकोला नको, थम्सअप द्या.” अमेरिकी शीतपेयांवर बहिष्कार घातलेला माणूस हॉटेलात बसून हे वाक्य अगदी ठणकावून म्हणतो आणि वेटरही निमूटपणे थम्सअप आणून ठेवतो. 1977 साली कोकाकोला भारतातून बाहेर पडली आणि त्याच वर्षी पार्लेच्या चौहान बंधूंनी थम्सअप बाजारात आणलं, इथवर गोष्ट खरी. पण 1993 साली कोकाकोला परतली तेव्हा रमेश चौहान यांनी थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट, माझा ही सगळी पेयं तिलाच विकून टाकली. गेली तीस-बत्तीस वर्षं थम्सअप हा कोकाकोलाचाच माल आहे. बाटलीवर तसं छापलेलंही असतं, फक्त ते वाचायला चष्मा पुसून घ्यावा लागतो.

कुणी कशावर बहिष्कार घालावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. एकाला चिनी माल नको असतो, दुसऱ्याला एखाद्या कंपनीची कामगारांशी वागणूक पटत नाही, तिसऱ्याचा राग कुठल्या तरी युद्धावरून असतो. त्या वादात इथे शिरायचं नाही. मनापासून ठरवूनही नेमका तोच माल पिशवीत कसा येतो, एवढंच पाहायचं आहे. याचं खापर लोक स्वतःच्या वेंधळेपणावर फोडतात, पण मला ते तितकंसं पटत नाही. मालक कोण, माल बनला कुठे आणि कंपनी वागते कशी हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकातच कालवतो आणि मग त्यांचं उत्तर एखाद्या आकड्यात नाहीतर नावात शोधत बसतो.

गैरसमज: बारकोड 890 ने सुरू झाला म्हणजे माल भारतीय

गलवानच्या चकमकीनंतर, 2020 च्या जूनमध्ये, हा निरोप घराघरांत पोचला: 690 ते 699 म्हणजे चीन, 890 म्हणजे भारत, दुकानात उभ्या उभ्या बघा आणि ठरवा. ऐकायला सोपं होतं, म्हणून तर पसरलं.

वस्तुस्थिती अशी की, हे पहिले तीन आकडे माल कुठे बनला हे सांगतच नाहीत. जीएस1 नावाची आंतरराष्ट्रीय संस्था बारकोडचे क्रमांक देते आणि देशोदेशी तिच्या शाखा आहेत. क्रमांक कुठल्या शाखेनं दिला, एवढंच त्या आकड्यांवरून कळतं. मुंबईतल्या एखाद्या व्यापाऱ्यानं चीनमधून खेळण्यांचा कंटेनर मागवला, त्यावर स्वतःचा ब्रँड छापला आणि जीएस1 इंडियाकडून क्रमांक घेतला, तर त्या चिनी खेळण्यावर 890 च येणार. यात फसवणूक काही नाही, नियमच तसा आहे. तेव्हा बारकोड गल्ल्यावरच्या मशीनसाठी सोडा.

आपल्या कामाचा मजकूर त्याच पाकिटावर दुसरीकडे असतो. वैधमापनाच्या 2011 च्या नियमांनुसार बंद पाकिटावर उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव आणि पत्ता द्यावाच लागतो. माल आयात केलेला असेल तर आयातदाराचं नाव आणि कुठल्या देशात बनला तेही. ऑनलाइन विक्रीतही आयात मालाचा मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे.

गैरसमज: नाव देशी, म्हणजे कंपनी देशी

जूनमध्ये शाळा उघडताना मराठी घरात जी कंपासपेटी येते, तिच्यावर बहुधा कॅमलिनचा उंट असतो. कॅमलिन म्हणजे दांडेकरांची, आपली, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, त्यातून हा उद्योग उभा राहिला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण 2011 साली कोकुयो या जपानी कंपनीनं कॅमलिनमधला निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला आणि तेव्हापासून कंपनीचं नावच कोकुयो कॅमलिन आहे. त्यामुळे पेटी वाईट झाली का? मुळीच नाही. कारखाने इथेच आहेत, कामगारही इथलेच. मात्र ‘फक्त भारतीय मालकीचंच घेणार’ असं ज्यानं ठरवलंय, त्याच्या पोराच्या दप्तरात जपानी मालकीची पेटी आहे, एवढं खरं.

आता मसाल्याचं, नाहीतर रवा-इडलीच्या पिठाचं एमटीआरचं पाकीट हातात घ्या. दर्शनी बाजूला बंगळुरूचं ते जुनं, नावाजलेलं नाव आणि खाली अगदी दाक्षिणात्य थाटाची इडली. पाकीट उलटं केलं की बारीक अक्षरात ‘ओर्कला इंडिया’ दिसतं. ओर्कला ही नॉर्वेची कंपनी. तिनं 2007 साली एमटीआरचा खाद्यपदार्थांचा व्यवसाय विकत घेतला. लॅक्मे टाटांनी 1952 मध्ये सुरू केली आणि नव्वदच्या दशकात हिंदुस्तान लीव्हरला दिली. या लीव्हरच्या, म्हणजे आजच्या हिंदुस्तान युनिलिव्हरच्या, नावात हिंदुस्तान असला तरी सुमारे 62 टक्के मालकी परदेशातल्या युनिलिव्हरकडे आहे. आणि बाटा? कित्येकांच्या लेखी ती पहिल्यापासून भारतीयच. तिचा जन्म मात्र 1894 साली, आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन गावी झाला.

याच्या उलट चूक जास्त त्रासदायक, कारण तिच्यात मार भलत्यालाच बसतो. ब्रिटानिया हे नाव पुरेपूर इंग्रजी, पण कंपनी वाडिया समूहाची. पीटर इंग्लंड आणि ॲलन सॉली हे शर्ट आदित्य बिर्ला समूहाचे. रॉयल एनफील्ड आयशर मोटर्सची. बिसलेरी हे इटालियन माणसाचं आडनाव, पण धंदा त्याच थम्सअपवाल्या रमेश चौहानांचा. सगळ्यात वाईट वाटतं ते कराची बेकरीचं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या एका कुटुंबानं 1953 साली हैदराबादेत ती सुरू केली. तरीही 2019 साली, पुलवामाच्या हल्ल्यानंतर, तिच्या बंगळुरूतल्या दुकानासमोर जमाव आला आणि पाटीवरचा ‘कराची’ हा शब्द झाकून ठेवायची वेळ दुकानावर आली. निर्वासितांनी आपल्या सुटलेल्या गावाचं नाव ठेवलं, एवढाच त्यांचा अपराध.

गैरसमज: एक नाव म्हणजे एक कंपनी

पार्ले-जी बनवते पार्ले प्रॉडक्ट्स. फ्रूटी पार्ले ॲग्रोची. बिसलेरीचं घराणंही तेच. चौहान कुटुंबाच्या या तीन वेगळ्या कंपन्या आहेत आणि एकीच्या निर्णयाबद्दल दुसरीला धारेवर धरण्यात अर्थ नाही.

व्होल्वोची गंमत तर आणखी न्यारी. व्होल्वो मोटारींचा व्यवसाय 2010 पासून चीनच्या गीलीकडे आहे, पण व्होल्वोच्या बस आणि ट्रक बनवणारी स्वीडिश कंपनी निराळी. चिनी मालकी नको म्हणून एसटीच्या मुंबई-पुणे ‘शिवनेरी’च्या व्होल्वो बसमध्ये न बसणाऱ्याचं गणित म्हणूनच चुकतं. शिवाय त्याच मार्गावर धावणाऱ्या ई-शिवनेरी गाड्या बनवणारी ओलेक्ट्रा ही हैदराबादची कंपनी आहे आणि तिची तंत्रज्ञानातली भागीदार आहे चीनची बीवायडी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना सांगण्यासारखं एक: भारतात किटकॅट नेस्लेचं, पण अमेरिकेत ते हर्शी बनवते आणि विकते. नेस्लेवर बहिष्कार घालणाऱ्या दोन भावांपैकी एकानं पुण्यात आणि दुसऱ्यानं न्यू जर्सीत किटकॅट खाल्लं, तर चूक एकाचीच होते.

गैरसमज: अमुक कंपनी एक तर आपली, नाहीतर परकी

याचं उत्तर बऱ्याचदा ‘थोडी आपली, थोडी त्यांची’ असं येतं. आशीर्वाद आटा विकणाऱ्या आयटीसीत ब्रिटिश अमेरिकन टोबॅको सगळ्यात मोठी भागधारक आहे, पण बहुमत तिच्याकडे नाही. मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला 2012 मध्ये उघडलेलं स्टारबक्सचं पहिलं दुकान टाटा आणि स्टारबक्स यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतलं. मॅकडोनल्ड्सची महाराष्ट्रातली दुकानं मुंबईची एक भारतीय कंपनी चालवते, पण नावाची रॉयल्टी अमेरिकेला जाते. ग्रेटर नोएडात जुळणी झालेला विवो फोन ‘मेड इन इंडिया’, कंपनी चिनी. गोळ्यांची पट्टी भारतीय कंपनीची असते, पण आपण जी कच्ची औषधद्रव्यं आयात करतो त्यातली सुमारे दोन तृतीयांश चीनमधून येतात. तिथे बहिष्काराचा हट्ट धरू नये, गोळी वेळेवर घ्यावी.

अमेरिकी ॲमेझॉन नको म्हणून फ्लिपकार्ट उघडणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, की 2018 साली वॉलमार्टनं फ्लिपकार्टचा सुमारे 77 टक्के हिस्सा घेतला. मिंत्रा त्याआधीच फ्लिपकार्टच्या घरात गेली होती.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘स्वदेशी-विदेशी’ याद्या फसतात त्या इथेच. अशा याद्या नव्वदच्या दशकात आझादी बचाओ आंदोलनाच्या पत्रकांवरही होत्या आणि तेव्हा त्या निदान ताज्या होत्या. कंपन्या मात्र दर दोन-चार वर्षांनी हात बदलतात. प्रीती मिक्सर चेन्नईचा होता, 2011 मध्ये फिलिप्सनं घेतला, आणि 2021 मध्ये फिलिप्सनं घरगुती उपकरणांचा अख्खा व्यवसायच हिलहाउस या चिनी मुळाच्या गुंतवणूक कंपनीला विकला. या तीन टप्प्यांवर बनलेल्या तीन याद्या तीन वेगळी उत्तरं देतील आणि तिन्ही आपापल्या काळी बरोबर ठरतील. यादीवर तारीख नसेल तर ती वाचू नका, पुढे तर मुळीच पाठवू नका.

गैरसमज: एकदा चुकून घेतलं, म्हणजे बहिष्कार मोडला

बहिष्कार म्हणजे एकादशीचा उपास नव्हे, की चुकून शेंगदाण्याऐवजी चणे तोंडात गेले आणि मोडला. नेस्लेचंच घ्या. गरीब देशांमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीची ज्या रीतीनं जाहिरात चालली होती, तिच्याविरुद्ध 1977 च्या जुलैत अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये बहिष्कार सुरू झाला. नेस्लेचा पसारा तेव्हाही इतका मोठा होता, की आंदोलनातल्या लोकांनीही नकळत तिचा माल घेतला असेलच. तरी 1981 साली जागतिक आरोग्य परिषदेत अशा जाहिरातींवर बंधनं घालणारी संहिता 118 विरुद्ध 1 मतानं मंजूर झाली. विरोधातलं एकमेव मत अमेरिकेचं. नेस्लेनं ती पाळायचं कबूल केल्यावर 1984 मध्ये बहिष्कार थांबला, आणि पाळत नसल्याचा आरोप करत 1988 मध्ये पुन्हा सुरू झाला. भारतानं 1992 साली याच धर्तीवर कायदा केला. म्हणून आज आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र दिसत नाही.

ही ताकद आली ती मागणी नेमकी होती म्हणून. प्रत्येक घरातलं प्रत्येक चॉकलेट तपासल्यानं ती आली नव्हती. ‘अमुक करा, मग आम्ही परत येऊ’ असं सांगितलेलं असलं की कंपनीलाही काय करायचं ते कळतं. नुसत्या रागाच्या बहिष्कारात ते कळत नाही, म्हणून तो दोन महिन्यांत विरतो.

नकळत भलता माल घेणं नवीनही नाही. स्वातंत्र्य चळवळीत खादीला मागणी वाढली तशी गिरणीत विणलेलं कापड खादी म्हणून खपवायचा धंदा जोरात सुरू झाला. खादीच घालायची असं ठरवलेल्यांच्या अंगावर गिरणीचं कापड चढत होतं. 1925 साली अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला, आणि खऱ्या खादीची दुकानं प्रमाणित करणं हे त्याचं एक महत्त्वाचं काम होतं. त्या काळच्या कार्यकर्त्यांनी गिऱ्हाइकाला दोष दिला नाही, त्याला ओळखता येईल अशी खूण दिली.

गैरसमज: आता आलंच आहे तर फेकून द्या

1905 साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली ती लोकांनी पाहावी म्हणून, भर गर्दीत. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेला साबण कोण पाहणार? पैसे कंपनीकडे केव्हाच गेलेत. फेकलात तर नुकसान तुमचं, आणि कचरा नगरपालिकेचा. वस्तू उघडली नसेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे परत द्या आणि का नको तेही सांगा. तो काय मागवायचं हे खपावर ठरवतो, त्यामुळे चार गिऱ्हाइकांनी सांगितलेलं त्याच्या लक्षात राहतं. मात्र परत घेणं त्याच्यावर बंधनकारक नाही. मन बदललं म्हणून माल परत करायचा सरसकट हक्क कायदा देत नाही, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्यानं काय विकावं यासाठी दमदाटी तर अजिबात नको. उघडलं असेल तर वापरून संपवा आणि पुढच्या वेळी दुसरं घ्या.

आणि एक काम जरूर करा. तुम्ही माल घेणं बंद केलंत हे कंपनीला आपणहून कळत नाही. तिच्या हिशेबात खप घटला तर दोष पावसाला, महागाईला नाहीतर जाहिरात कंपनीला जातो. म्हणून दोन ओळी लिहून कळवा: काय घेत होतात, का सोडलंत, काय बदललं तर परत घ्याल. ग्राहकांच्या तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल पाकिटावर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. चुकून घरात आलेल्या त्या पाकिटावरही ते छापलेलं आहे.