कोलोनचें महामंदिर

जर्मनी देशांत ऱ्हाईन नदीच्या तीरावर कोलोन नांवाचें एक पुरातन शहर आहे. रोमन बादशहा क्लॉडियस ह्याची राणी अग्रिपिना हिचा जन्म येथलाच. तिच्या इच्छेवरून इ. स. 50 मध्यें ह्या गांवास रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला, आणि वसाहत ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच कोलोन हें नांव रूढ झालें. पूर्वेकडून येणारी आगगाडी होहेन्झोलर्न पुलावर चढली, कीं समोर काळसर दगडाचे दोन उत्तुंग मनोरे प्रवाशाच्या दृष्टीस पडतात. हेंच कोलोनचें कॅथीड्रल, म्हणजे तेथील आर्चबिशपांचें मुख्य देऊळ. मनोऱ्यांची उंची 157 मीटर, म्हणजे सुमारें 515 फूट आहे. परंतु उंचीपेक्षांहि विलक्षण आहे ती हें देऊळ पुरें होण्याची हकीकत.

बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या मागी लोकांचे म्हणून मानले जाणारे अवशेष 1164 सालीं मिलानहून कोलोनास आणण्यांत आले. त्यांसाठीं सोन्यानें मढविलेली पेटी घडविण्यांत आली व दूरदूरच्या यात्रेकरूंची रीघ लागली. पुढें 15 ऑगस्ट 1248 रोजीं आर्चबिशप कोनराड ह्यांनीं नव्या भव्य देवळाचा पाया घातला. बांधणी गॉथिक पद्धतीची ठरली. ह्या पद्धतींत कमानी टोकदार असतात, आणि छताचा रेटा बाहेरून टेकू दिलेल्या अर्धकमानी पेलतात. त्यामुळें भिंतींत रंगीत काचांच्या मोठमोठ्या खिडक्या ठेवितां येतात. 1322 सालीं केवळ वेदीकडील भाग उपासनेस खुला झाला. पहिला मुख्य स्थपति गेरहार्ड तोंवर केव्हांच निवर्तला होता.

कालांतरानें काम मंदावलें आणि सोळाव्या शतकांत तें अजीबात थांबलें. दक्षिणेकडील मनोरा तृतीयांशाहून थोडासाच वर आला होता. त्याच्या माथ्यावर दगड चढविण्याची लांकडी यारी होती, ती तेथेंच राहिली. तीनशेंहून अधिक वर्षें ती यारी कोलोनच्या आकाशांत दिसत होती! देऊळ पुरें होईल त्या दिवशीं जग बुडेल, असें लोक थट्टेनें म्हणत.

दैवयोगानें 1814 सालीं दर्शनी भागाच्या मूळ नकाशाचा अर्धा तुकडा डार्मश्टाट गांवीं सांपडला. दुसरा अर्धा 1816 सालीं पॅरिस येथें मिळाला. चर्मपत्रावर रेखाटलेला हा जुना नकाशा हातीं आल्यावर लोकांच्या मनांत नवी उमेद उत्पन्न झाली. 1842 सालीं प्रशियाचा राजा चौथा फ्रीड्रिख विल्हेल्म ह्यानें पुन्हां कोनशिला बसविली. राजा प्रॉटेस्टंट व देऊळ कॅथॉलिक. तरीहि त्यानें साह्य केलें आणि नागरिकांनीं मंडळ स्थापून वर्गणी गोळा केली. अखेर 1880 सालीं, म्हणजे पाया घातल्यापासून 632 वर्षांनीं, देऊळ पुरें झालें.

पण ह्या देवळाची कसोटी अद्याप व्हावयाची होती. जर्मनीच्या राज्यकर्त्यांनीं पेटविलेल्या दुसऱ्या महायुद्धाची आग त्यांच्याच शहरावर उलटली. 30 मे 1942 च्या रात्रीं सुमारें एक हजार विमानांनीं कोलोनवर बाँबवर्षाव केला, आणि युद्ध संपेपर्यंत जुनें शहर बहुतेक भुईसपाट झालें. देवळावरहि बाँब पडले, छताच्या कमानी कोसळल्या. तथापि मनोरे उभे राहिले. उत्तर मनोऱ्यास 1943 सालीं पडलेलें भलें मोठें खिंडार घाईनें साध्या विटांनीं बुजविण्यांत आलें. 1956 सालीं संपूर्ण देऊळ पुन्हां उपासनेस खुलें झालें.

नव्या काळाच्या कलावंतांनींहि ह्या शहरांत आपली भर घातली आहे. महामंदिराच्या दक्षिण बाजूच्या एका मोठ्या खिडकीच्या काचा युद्धांत नष्ट झाल्या होत्या. तेथें 2007 सालीं चित्रकार गेरहार्ड रिख्टर ह्यांनीं योजिलेली, 72 रंगांच्या 11,263 चौकोनी काचांची खिडकी बसविण्यांत आली. ऊन पडलें म्हणजे आंतील फरशीवर जणूं रंगांचा सडा पडतो. जवळच संत कोलुंबेचें देऊळ युद्धांत उद्ध्वस्त झालें, पण तेथील मरियेची मूर्ति वांचली. तिच्यासाठीं स्थपति गोट्फ्रीड ब्योम ह्यांनीं 1950 सालीं लहानसें प्रार्थनामंदिर उभारलें. पुढें स्विस स्थपति पेटर त्सुम्टोर ह्यांनीं तें प्रार्थनामंदिर व सभोंवतालचे भग्नावशेष पोटांत घेऊन एक संग्रहालय बांधलें. तें 2007 सालीं उघडलें. त्याच्या जुन्या भिंतींवरच नव्या करड्या विटा रचल्या आहेत. जखम झांकलेली नाहीं; तिच्याच आधारानें नवें बांधकाम उभें आहे.

महामंदिराचें काम आजहि चालूच आहे. पाऊस व धूर ह्यांनीं दगड झिजतो. म्हणून पाथरवट व काचेचे कारागीर वर्षभर परांचीवर राबत असतात.

विद्यार्थिमित्रांनो, चौदाव्या शतकांत ज्या पाथरवटांनीं दक्षिण मनोऱ्याचा पाया रचला, त्यांना तो मनोरा कधींच दिसणार नव्हता. आपले दगड जमिनींत पुरले जाणार, कोणी ते पाहणारहि नाहीं, हें त्यांस ठाऊक होतें. तरीहि त्यांनीं ते चोख बसविले. त्यांनीं तेथें हयगय केली असती, तर पांचशें वर्षांनीं चढलेला तो प्रचंड भार त्या पायानें पेलला नसता.