संशोधनलेखनातील वाङ्मयचौर्य : प्रतिबंध व कार्यवाही

प्रस्तावना :
दुसऱ्याची कल्पना, मांडणी अथवा शब्दरचना मूळ लेखकाचा निर्देश न करता स्वतःची म्हणून सादर करणे म्हणजे वाङ्मयचौर्य होय. पूर्वी हा प्रामुख्याने साहित्यिक वादाचा विषय होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये अधिसूचित केलेल्या विनियमांनी त्याचा संबंध थेट पदवी व वेतनाशी जोडला.

सदर विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष मनाई असते. ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. प्राध्यापकांच्या बाबतीत लेख मागे घेण्यापासून लागोपाठ दोन वेतनवाढी रोखण्यापर्यंत व तीन वर्षे नवीन विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन थांबविण्यापर्यंत तरतूद आहे. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, कायद्यांची कलमे व प्रमाण समीकरणे यातून वगळली जातात.

टक्केवारी हा मात्र केवळ संकेत आहे, निवाडा नव्हे. याचे उद्बोधक उदाहरण डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील पेटंट कायदाविषयक तज्ज्ञगटाचे होय. अहवालातील काही भाग एका अभ्यासकाच्या लेखनाशी शब्दशः जुळत असल्याचे उघडकीस आल्यावर अध्यक्षांनी फेब्रुवारी २००७ मध्ये अहवाल मागे घेतला. सुधारित अहवाल २००९ मध्ये सादर झाला. अनेकांच्या हातून सिद्ध होणाऱ्या लेखनात मसुदा कोणी केला हे वाचकास दिसत नाही. उत्तर मात्र ज्याचे नाव वर असते त्यालाच द्यावे लागते. मार्गदर्शक व विद्यार्थी यांच्या संयुक्त लेखांनाही हेच लागू पडते.

मैंदर्गीसारख्या सीमाभागात या प्रश्नाचा एक वेगळाच पैलू समोर येतो. अक्कलकोट तालुक्यात मराठीबरोबर कन्नडही घरोघरी बोलली जाते. कन्नड वा इंग्रजी लेखाचा परिच्छेद मराठीत उतरविला, तर शब्दसाम्य शोधणाऱ्या संगणकप्रणालीस तो सहसा सापडत नाही. शिवाय मराठीतील कित्येक जुने ग्रंथ संगणकीय स्वरूपात उपलब्धच नाहीत. अशी अनुवादित उचल ओळखण्यासाठी दोन्ही भाषा जाणणारा परीक्षक लागतो. अनुवाद केला म्हणजे लेखन आपले झाले, असा प्रामाणिक गैरसमजही विद्यार्थ्यांत आढळतो. तो प्रबंधलेखनापूर्वीच, पदव्युत्तर वर्गात दूर झाला पाहिजे.

प्रकाशनाची घाई हे या प्रवृत्तीचे मूळ होय. नियुक्ती व पदोन्नतीसाठी लेखांची संख्या मोजली जाऊ लागल्यावर शुल्क घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यानंतर पुणे येथील सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या सहकार्याने ‘केअर’ यादी तयार झाली. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. परिणामी नियतकालिकाचा दर्जा तपासण्याचे दायित्व आता संस्थांकडे आले आहे.

संपादकाकडे तक्रार आल्यास दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवून साम्य निश्चित करावे व लेखकाकडून लेखी खुलासा मागवावा. खुलासा असमाधानकारक असल्यास प्रकरण लेखकाच्या संस्थेकडे पाठवावे. विनियमांनुसार तेथे प्रथम विभागीय व नंतर संस्थात्मक समिती चौकशी करते. छापून आलेला लेख गुपचूप काढून टाकू नये. तो मागे घेतल्याची सूचना कारणासह पुढील अंकात द्यावी व अनुक्रमणिकेत तशी नोंद ठेवावी.