पृथ्वीच्या भेगेवर उभा देश

केनियाची राजधानी नैरोबी. तिथून वायव्येला नव्वदेक किलोमीटरवर नैवाशा सरोवर आहे आणि सरोवराच्या दक्षिणेला ‘हेल्स गेट’ हे राष्ट्रीय उद्यान. आफ्रिकेतल्या बहुतेक अभयारण्यांत गाडीतून खाली उतरायला मनाई असते. इथे मात्र सायकल चालवत फिरता येते, कारण मोठे शिकारी प्राणी या भागात कमी आहेत. झेब्र्यांचा कळप रस्ता ओलांडेपर्यंत सायकलवरून एक पाय जमिनीला टेकवून थांबायचे, मग पुढे निघायचे. दोन्ही बाजूंना तांबूस कडे, आणि त्यांच्या कपारींत गिधाडांची घरटी. थोडे आत गेले की कड्यांच्या मागून पांढऱ्या वाफेचे लोट वर चढताना दिसतात आणि उतारावरून वळणे घेत गेलेले जाडजूड नळ दिसू लागतात. हे ओल्कारिया. जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज बनवणारे आफ्रिकेतले सर्वांत मोठे क्षेत्र.

राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात वीजकेंद्र, हे ऐकूनच दचकायला होते. पण इतिहास पाहिला तर ओल्कारियाचे पहिले जनित्र १९८१ मध्ये सुरू झाले आणि उद्यान जाहीर झाले १९८४ मध्ये. म्हणजे वीज आधी आली. ते कडे आणि ती वाफ या दोघांची आई तर एकच आहे. केनियात पर्यटक ज्या ओढीने येतात ती भूमी आणि केनियाचे दिवे ज्यावर लागतात ती ऊर्जा, दोन्ही एकाच भेगेतून वर आल्या आहेत.

या भेगेला भूगोलाच्या पुस्तकात आपण खचदरी म्हणून भेटलेलो असतो. पूर्व आफ्रिकेत भूकवच ताणले जात आहे. दोन बाजूंची जमीन वर्षाला काही मिलिमीटर या गतीने एकमेकींपासून दूर सरकते आहे आणि मधला पट्टा खाली खचत गेला आहे. ताणामुळे कवच पातळ झाले, म्हणून शिलारस पृष्ठभागाच्या जवळ आला. त्यातून ज्वालामुखींची रांगच उभी राहिली. नैवाशाजवळचा लोंगोनोट त्यातलाच, आणि नाकुरू शहराला लागून असलेला मेनेंगाईही त्यातलाच.

आता या एका घटनेने काय काय घडवले ते पाहू. खचलेल्या पट्ट्यात पाणी साचले, पण काही सरोवरांना समुद्राकडे जायला वाट मिळाली नाही. ज्वालामुखी खडकांतून विरघळून आलेले क्षार तिथेच साठत गेले. अशा खाऱ्या, सोडायुक्त पाण्यात मासे जेमतेम तगतात, पण एक सूक्ष्म निळे-हिरवे शैवाल मात्र फोफावते. ते खायला लाखो रोहित पक्षी येतात आणि त्याच शैवालातली रंगद्रव्ये त्यांच्या पिसांत उतरून ती गुलाबी होतात. ठाण्याच्या खाडीत थव्याने दिसणारा छोटा रोहित याच जातीचा. बोगोरिया, नाकुरू आणि एलमेंटाइटा ही तीन सरोवरे २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतली. बोगोरियाच्या काठावर तर उकळत्या पाण्याचे फवारे एका बाजूला आणि गुलाबी थवे दुसऱ्या बाजूला, असे एकाच नजरेत मावते.

दक्षिणेला टांझानियाच्या हद्दीत ज्वालामुखींनी शतकानुशतके राख उधळली. त्या राखेच्या मातीत खनिजांनी भरलेले आखूड गवत उगवते. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट पिल्ले घालायला त्या गवताळ मैदानावर येतात आणि कोरड्या दिवसांत उत्तरेला केनियाच्या मसाई माराकडे निघतात. त्यांची नदी ओलांडतानाची झुंबड पाहायला जगभरातून माणसे येतात. उत्तर टोकाला तुर्काना सरोवराजवळ दोन उंच प्रदेशांमधल्या सखल वाटेतून वारा दाबून, वेगाने वाहतो. त्या वाऱ्यावर आज ३६५ पवनचक्क्या फिरतात आणि त्यांची क्षमता ३१० मेगावॅट आहे. पक्षी, गवत, वारा, वाफ... कुठलाही धागा ओढला तरी हात त्याच भेगेपर्यंत जातो.

वाफेची वीज कशी होते? ओल्कारियात दोन-तीन किलोमीटर खोल विहिरी खोदतात. तिथले पाणी ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असते, पण वरच्या थराच्या प्रचंड दाबामुळे ते उकळू शकत नाही. विहिरीतून वर येताना दाब कमी होत जातो आणि त्या पाण्यातला मोठा भाग एकदम वाफ बनतो. वर आल्यावर वाफ आणि पाणी वेगळे करतात, वाफ टर्बाइनला फिरवते आणि उरलेले खनिजयुक्त पाणी पुन्हा जमिनीत सोडतात, म्हणजे खालचा साठा टिकतो. कोळसा नाही, धुरांडे नाही. आणि यातला मोठा गुण म्हणजे सातत्य. सूर्य मावळतो, वारा पडतो, पाऊस दगा देतो, पण जमिनीखालची उष्णता अहोरात्र हजर असते.

पावसाचा दगा केनियाने चांगलाच भोगला आहे. ताना नदीवरच्या धरणांवर देशाची वीज दीर्घकाळ अवलंबून होती. १९९९-२००० च्या दुष्काळात धरणे आटली आणि देशभर भारनियमन करावे लागले. कारखाने थांबले, हॉटेलांना डिझेल जनित्रांचा आधार घ्यावा लागला. ज्या देशाला पाहुण्यांना बोलवायचे आहे, त्याच्या विमानतळाला, शीतगृहांना, पाण्याच्या पंपांना वीज लागतेच. दुष्काळ आला की दिवेही जातात, ही बेडी तोडायची तर पावसावर अवलंबून नसणारी वीज हवी होती. ती पायाखालीच होती.

मग एवढा वेळ का लागला? कारण पैसा जमिनीत आधी घालावा लागतो आणि उत्तर नंतर मिळते. मराठवाड्यातला शेतकरी कर्ज काढून बोअर घेतो आणि पाणी लागेल की धुरळा उडेल हे मशीन थांबेपर्यंत त्याला कळत नाही. ओल्कारियाच्या विहिरीचे असेच आहे, फक्त एका विहिरीमागे खर्च लाखो डॉलरांचा. वाफ लागली नाही तर ते पैसे गेले. असा धोका बँक घेत नाही आणि खासगी कंपनीही सहसा घेत नाही. ओल्कारियात चाचणी विहिरी खोदायला १९५०च्या दशकात सुरुवात झाली, सत्तरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने शोधाला वेग आला आणि तेव्हा कुठे १९८१ मध्ये १५ मेगावॅटचे पहिले यंत्र फिरले. पाव शतकाची वाट!

केनियाने पुढे एक शहाणा मार्ग काढला. २००८ मध्ये सरकारने ‘जिओथर्मल डेव्हलपमेंट कंपनी’ स्थापन केली. विहिरी खोदण्याचा धोका सरकारी कंपनीने पत्करायचा आणि वाफ सापडली की वीजकेंद्र उभारायला खासगी गुंतवणूकदारांना बोलवायचे. मेनेंगाईच्या भल्यामोठ्या ज्वालामुखी कुंडात हीच पद्धत वापरली गेली आणि २०२३ मध्ये तिथले ३५ मेगावॅटचे पहिले खासगी केंद्र सुरू झाले. त्याच कुंडाच्या कड्यावर उभे राहून पर्यटक खालचा विस्तार पाहतात. ओल्कारियात तर ‘केनजेन’ या कंपनीने केंद्रामागून केंद्र उभारले. आज केनियाची भूऔष्णिक क्षमता साडेनऊशे मेगावॅटच्या घरात, म्हणजे आपल्या कोयनेच्या जवळजवळ निम्मी आहे, आणि देशाच्या विजेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा तिचा आहे. जलविद्युत आणि वारा धरला तर केनियाची सुमारे ९० टक्के वीज अक्षय स्रोतांतून येते. अनेक श्रीमंत देशांना अजून हे जमलेले नाही.

या विजेचे धागे पर्यटनात कसे विणले गेले तेही पाहण्यासारखे आहे. ओल्कारियात वीज बनवून उरलेल्या गरम, खनिजयुक्त पाण्याचा तलाव करून केनजेनने २०१३ मध्ये स्नानकेंद्र सुरू केले. सायकलवर उद्यान पालथे घातलेले लोक संध्याकाळी त्या पाण्यात अंग शेकतात. नैवाशाकाठी गुलाबाच्या एका मोठ्या मळ्याने हरितगृहे गरम ठेवायला भूगर्भातली उष्णता वापरली. मसाई मारात काही मुक्कामांनी सफारीच्या डिझेल गाड्यांचे इंजिन काढून विजेवरच्या मोटारी बसवल्या. घरघर थांबली आणि प्राण्यांच्या जवळ जाताना फक्त गवताची सळसळ ऐकू येऊ लागली. २०२४ मध्ये केनियात सुमारे २४ लाख परदेशी पाहुणे आले.

पण भेगेवर राहणाऱ्या माणसांचे काय? ओल्कारियाच्या टेकड्यांवर मसाई पशुपालकांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या चरत आली. चौथ्या केंद्रासाठी २०१४ मध्ये तिथल्या काही मसाई वस्त्या दुसरीकडे हलवल्या गेल्या. नवी जागा गुरांना आणि जगण्याला सोयीची नाही, ही त्यांची तक्रार जागतिक बँकेपर्यंत पोचली. बँकेच्याच तपासणी मंडळाने पुनर्वसनातल्या त्रुटी नोंदवल्या आणि पुढे मध्यस्थी करावी लागली. तुर्कानाच्या वाऱ्याचीही एक शिकवण आहे. पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण चारशेहून अधिक किलोमीटरची वीजवाहिनी वेळेत झाली नाही, म्हणून २०१८ पर्यंत त्यांची वीज कुणापर्यंत पोचली नाही. तारेशिवाय पवनचक्की अपुरी, तशी तिथल्या माणसांच्या संमतीशिवाय कुठलीही ऊर्जा अपुरी.

हे सगळे आपल्याला दूरचे वाटू नये. कोकणात वज्रेश्वरी, तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथली गरम पाण्याची कुंडे आपण पिढ्यान्‌पिढ्या पुण्याची आणि आरोग्याची ठिकाणे म्हणून जपली. त्यांच्याखाली केनियासारखी ताजी ज्वालामुखी उष्णता नाही. लडाखच्या पुगा खोऱ्यात मात्र पाणी उकळत वर येते आणि तिथे वीज बनवण्यासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये स्थानिक प्रशासनाशी करार केला. पुगाही पर्यटकांना ओढते आणि तिथेही चांगपा मेंढपाळांची कुरणे आहेत. म्हणजे ओल्कारियाचे तिन्ही पक्ष, वाफ, पाहुणे आणि पशुपालक, तिथे आधीपासूनच हजर आहेत. शोधाचा धोका समाजाने मिळून उचलायचा आणि दशकांची वाट पाहायची तयारी ठेवायची, हे केनियाने करून दाखवले. कुरणाच्या धन्याला पहिल्या विहिरीच्या आधी विचारायचे, हे शिकायला केनियाला उशीर झाला. आपल्याला तो उशीर टाळता येण्याजोगा आहे.