कॅम्पसजवळचे घर आणि कराचे बिल

मिशिगन विद्यापीठाच्या जवळ राहावे, ही आमची जुनी इच्छा. २०१९ साली अ‍ॅन आर्बरच्या बर्न्स पार्क भागात घर घेतले. मोठी झाडे, शांत रस्ते, कॅम्पस चालत जाण्याच्या अंतरावर. गर्दी काय ती फुटबॉलच्या शनिवारी! पण २०२० च्या जुलैमध्ये मालमत्ता कराचे बिल आले आणि आमचीच शांतता भंगली. आधीच्या मालकांच्या बिलाच्या दुपटीहून जास्त रक्कम! चूक कोणाचीच नव्हती. आम्हीच नीट चौकशी केली नव्हती. आपल्यापैकी कोणी अशा भागात घर शोधत असेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मिशिगनमध्ये १९९४ साली ‘प्रपोझल ए’ मंजूर झाले. तेव्हापासून घराचे करपात्र मूल्य वर्षाला महागाईच्या दराने किंवा ५ टक्क्यांनी, यांतील जे कमी असेल तेवढेच वाढते. घर विकले गेले की मात्र पुढच्या वर्षी ही मर्यादा सुटते आणि आकारणी बाजारभावाच्या निम्म्यावर जाते. कॅम्पसजवळच्या जुन्या वस्तीत काही कुटुंबे तीस-तीस वर्षे राहतात, त्यामुळे त्यांचे बिल कमी असते. समजा, घराची किंमत ५ लाख डॉलर आहे. जुन्या मालकांचे करपात्र मूल्य १ लाख १० हजार असले, तरी आपले अडीच लाख होईल. बँक कराचे पैसे हप्त्याबरोबर घेत असेल, तर हप्ताही वाढतो. आमचा वाढलाच.

दुसरी गोष्ट. आपण स्वतः राहत असलेल्या घराला शाळांच्या करात १८ मिलपर्यंत सूट मिळते. एक मिल म्हणजे हजार डॉलरला एक डॉलर. अडीच लाखांवर ही सूट ४५०० डॉलरपर्यंत जाते. त्यासाठी फॉर्म २३६८ शहराच्या असेसरकडे द्यावा लागतो. उन्हाळी बिलासाठी १ जूनपर्यंत, हिवाळी बिलासाठी १ नोव्हेंबरपर्यंत. पुढे घर विद्यार्थ्यांना भाड्याने देऊन आपण दुसरीकडे राहायला गेलो, की ही सूट जाते. भाड्याचा हिशेब मांडताना हे विसरू नये.

तेव्हा घर कितीही पसंत पडले, तरी ऑफर देण्यापूर्वी असेसरच्या कार्यालयातून त्याची ‘स्टेट इक्वलाइझ्ड व्हॅल्यू’ विचारून घ्या आणि तिच्यावर कर किती बसेल ते काढा. जुने बिल पाहून निर्णय घेऊ नका. खरेदीनंतर ४५ दिवसांत हस्तांतरणाचे प्रतिज्ञापत्र द्या. आकारणी जास्त वाटली, तर मार्चमध्ये बोर्ड ऑफ रिव्ह्यूपुढे दाद मागता येते.

आम्ही वर्षभर हात आखडता घेऊन निभावले. घर आवडतेच, पण हा हिशेब आधी केला असता तर बरे झाले असते!