मागून आणलेले वाहन व त्याचा विमा

अडीनडीला शेजाऱ्याचे बैल किंवा औत मागून आणावे व त्याची गरज पडली म्हणजे आपले द्यावे, ही सावडीची रीत महाराष्ट्रातील खेड्यांत फार जुनी आहे. आता मोटारसायकल, जीप, मोटार व ट्रॅक्टर ही वाहनेही याच रीतीने एका घरून दुसऱ्या घरी जातात. माल बाजारात पोचवावयाचा असो की रोग्यास तालुक्याच्या दवाखान्यात न्यावयाचे असो, किल्ली मागितली असता सहसा कोणी नाही म्हणत नाही. ही परस्परसाहाय्याची वृत्ती स्तुत्यच होय. परंतु अशा वाहनास अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, हे किल्ली देणारा व घेणारा या दोघांनीही आधीच समजून घेणे अवश्य आहे.

विमा वाहनाचा, चालकाचा नव्हे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या खाजगी वाहनाचा निदान तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा असलाच पाहिजे. तृतीय पक्ष म्हणजे वाटसरू, सायकलस्वार किंवा दुसऱ्या वाहनातील मनुष्य. हा विमा वाहनास जोडलेला असतो. म्हणून मालकाच्या संमतीने दुसऱ्याने वाहन चालविले व त्यामुळे कोणास इजा झाली, तरी भरपाई मालकाच्या पॉलिसीतून मिळते. चालकाने स्वतःच्या मोटारीचा उतरविलेला विमा शेजाऱ्याच्या मोटारीस उपयोगी पडत नाही.

मात्र चालकाजवळ त्या प्रकारच्या वाहनाचा चालू परवाना हवा. केवळ मोटारसायकलीच्या परवान्यावर ट्रॅक्टर चालविता येत नाही. परवाना नसल्यास न्यायालये पुष्कळदा विमा कंपनीस जखमीची भरपाई देण्यास सांगतात व तीच रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीस देतात. विम्याची मुदतच संपलेली असेल, तर सारा बोजा मालक व चालक यांच्यावर पडतो. मृत्यूच्या दाव्यातील रक्कम कित्येक लाखांची असू शकते. ती फेडण्यासाठी जमीन विकण्याची पाळी येऊ नये, इतके या बाबीचे महत्त्व आहे.

चालकाच्या जिवाचे काय?

येथेच बहुतेकांची गैरसमजूत असते. मागून आणलेले वाहन चालविणारा मनुष्य त्या वाहनाच्या विम्यापुरता तृतीय पक्ष ठरत नाही. कर्नाटकात एक गृहस्थ मागून आणलेल्या मोटारसायकलवरून गावी जात असता पुढील बैलगाडी एकाएकी थांबली व तो तीवर आदळून मरण पावला. या प्रकरणी २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, वाहन मागून घेणारा मालकाच्या जागी उभा राहतो. म्हणून दोष सिद्ध न करता मिळणारी भरपाई त्याच्या वारसांना त्याच वाहनाच्या विम्यातून मागता येत नाही. २०२० साली त्याच न्यायालयाने या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. अपघात दुसऱ्या वाहनाच्या चुकीने झाला असल्यास त्या वाहनाच्या मालकावर व विमा कंपनीवर दावा करता येतो.

पॉलिसीबरोबर मिळणारे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे नोंदणीकृत मालक स्वतः चालक असतानाच लागू होते. तेव्हा इतरांची वाहने वारंवार चालविणाऱ्याने स्वतःचा वेगळा अपघात विमा उतरवावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारास वर्षाला २० रुपये हप्त्यात अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

वाहनाचे नुकसान

केवळ तृतीय पक्षाचा विमा असल्यास मोडलेल्या वाहनाच्या दुरुस्तीस काहीही मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असल्यास दावा मालकाने करावयाचा असतो. परंतु काही रक्कम त्यास स्वतः सोसावी लागते व दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते. ही सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के व पाच वर्षांनंतर ५० टक्के असते. हा खर्च कोणी सोसावा, हे दोघांनी आधीच बोलून ठेवावे म्हणजे शेजारधर्मात बाध येत नाही.

किल्ली देण्याघेण्यापूर्वी

१. विम्याची मुदत पाहावी. वाहनाच्या क्रमांकावरून ती एम-परिवहन या ॲपवरही कळते.

२. चालकाचा परवाना त्या वाहनासाठी आहे व चालू आहे, याची मालकाने खात्री करावी. विनापरवाना मनुष्यास वाहन देणाऱ्या मालकास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

३. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन कदापि देऊ नये. त्याबद्दल पालकास किंवा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

४. शेतीकामासाठी विमा उतरविलेला ट्रॅक्टर भाड्याच्या वाहतुकीस देऊ नये. ट्रॉलीची नोंद पॉलिसीत आहे का, हेही पाहावे. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणासही बसवू नये.

५. अपघात झाल्यास जखमीस प्रथम दवाखान्यात न्यावे आणि पोलीस व विमा कंपनी यांस विनाविलंब कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी व ज्यांच्या विम्याची मुदत संपली असेल त्यांना ती वाढविण्यास सांगावे. शेजाऱ्यास वाहन जरूर द्यावे. परंतु किल्लीबरोबर विम्याचा कागदही दाखवावा.